लाल लोकर

परवा सकाळी दुधाची पिशवी घेऊन केडगावच्या कोपऱ्यावर उभी होते, तेवढ्यात या हंगामातला उसाचा पहिला ट्रॅक्टर समोरून गेला. मागे दोन ट्रेलर, त्यांवर काठाबाहेर गेलेल्या मोळ्या, आणि ड्रायव्हरच्या कानाला भोक पडेल इतक्या मोठ्या आवाजात गाणं. वळणावर मोळ्यांचे शेंडे रस्त्यावरच्या विजेच्या तारेला घासले आणि तार हलत राहिली. लोक उसाकडे पाहत होते, मी तारेकडे. घरी येऊन दूध तापत ठेवलं आणि फ्रिजवरच्या यादीत, गॅस, तूरडाळ, आईच्या गोळ्या यांच्या खाली लिहिलं : लोकर, लाल, एक गुंडी.

आमच्या घरात कोणी विणत नाही.

मी वीजवाहिन्यांच्या संरक्षणाचं काम करते. संरक्षण म्हटलं की लोकांना बंदूक आठवते. माझ्याकडे स्क्रू ड्रायव्हर असतो, चाचणीची एक जड पेटी असते आणि याद्या असतात. मोठ्या उपकेंद्रात प्रत्येक लाईनमागे एक रिले असतो. तो लाईनवर चोवीस तास कान लावून बसलेला असतो. तारेवर झाड पडलं, वीतभर साप इन्सुलेटरवर चढला, पतंगाचा ओला मांजा अडकला, की रिलेला ते कळतं, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत तो ब्रेकरला सांगतो : तोड. ब्रेकर, म्हणजे यार्डातला मोठा स्विच, लाईन तोडतो, तिची वीज बंद होते. रिले स्वतः काहीच तोडत नाही, हे लक्षात ठेवायचं. तो फक्त सांगतो. आणि त्याचं सांगणं ब्रेकरपर्यंत जातं ते पॅनेलच्या मागच्या बाजूला दोन स्क्रूंनी बसवलेल्या, करंगळीएवढ्या पितळी पट्टीतून. तिला आम्ही लिंक म्हणतो.

चाचणी करताना ती लिंक उघडायची, म्हणजे रिलेला आपण खोटा बिघाड दाखवला तरी खरा ब्रेकर उगाच धाडधाड उडत नाही. चाचणी झाली की लिंक बंद करायची. एवढंच. पंचवीस वर्षांच्या नोकरीचं सार विचारलं तर मी हेच सांगेन. उघडलेलं बंद करायचं.

इतरांना थंडी म्हणजे हुरडा, शेकोटी, लग्नाच्या याद्या. आम्हाला थंडी म्हणजे धूर. ऊस तुटून गेला की रानात वाळल्या पानांचं गुडघाभर पाचट उरतं आणि मालक ते पेटवून देतो. दुपारी वारा फिरला की सगळीकडून काळे धागे उडत येतात, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतात, झटकले तर फासले जातात. हवेला करपलेल्या काकवीचा वास येतो. मला तो वास आवडायचा. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एकदा लांबून पाहिलं, की जाळ तारेच्या निम्म्यापर्यंतही पोचलेला नसताना, नुसत्या धुरातून वाट काढून वीज जमिनीकडे झेपावते. आधी निळसर पांढरा लखलखाट, मग आवाज, आणि नंतर एकदम शांतता, कारण रिलेने लाईन तोडलेली असते. तेव्हापासून तो वास आला की मी पहिल्यांदा मान वर करते.

लोकर याकोबमामांची. याकोबमामा साळवे आमच्याकडे तंत्रज्ञ होते, आता निवृत्त आहेत. नगरमध्येच चर्चच्या मागच्या गल्लीत राहतात. नाकावर चष्मा, खिशात पेन्सिल, आणि शर्टाच्या वरच्या बटणाला कायम लाल लोकरीचे चार-पाच तुकडे अडकवलेले. कुठलीही लिंक उघडली की ते आधी तिच्यावर एक तुकडा बांधायचे आणि मगच पुढच्या कामाला हात लावायचे. बंद केली की तुकडा सोडून परत बटणाला. निघायच्या वेळी बटणावरचे तुकडे मोजायचे. नेले तेवढे भरले, तरच पॅनेलच्या दाराला कुलूप.

मी नवी बदलून आले तेव्हा मला हे जरा बाळबोध वाटलं. माझ्याकडे छापील यादी होती, अठ्ठावीस ओळींची, मी स्वतः तयार केलेली. प्रत्येक ओळीपुढे चौकोन. काम झालं की चौकोनात टिक.

"मामा, यादीत सगळं येतं," मी म्हटलं होतं.

"येतं ना ताई," मामा स्क्रू पिळतापिळता म्हणाले. "पण तुमची यादी तुमच्या हातात, आन् लोकर लिंकवर. चूक कुठं व्हायची, हातात का लिंकवर?"

"तुमच्या मिसेसचे स्वेटर उसवून आणता की काय?"

"उसवायला लागत नाही. ती तीस वर्षं एकच स्वेटर विणते माझ्यासाठी. संपला असता तर लोकर कुठून मिळाली असती?"

त्या वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी खर्ड्याच्या अलीकडच्या एका उपकेंद्रात काम निघालं. जुनं पॅनेल होतं, रिले ते ब्रेकर असा एकच रस्ता. नव्या पॅनेलांना दोन असतात. मामा रजेवर होते. आदल्या संध्याकाळी ते कार्यालयात येऊन माझ्या टेबलावर फराळाचा स्टीलचा डबा ठेवून गेले.

"करंज्या हायत. रस्त्यात खा. आन् ताई, लोकर देऊ का सोबत?"

"यादी आहे ना," मी म्हणाले.

ते हसले आणि गेले.

सकाळी आठला लाईन बंद मिळाली, दुपारी एकपर्यंत. पुढचं एक लहान उपकेंद्र आणि तिसेक गावं त्या लाईनवर होती, म्हणजे एक म्हणजे एकच. मी झपाझप कामाला लागले. चार लिंका उघडल्या, चार टिका. रिलेची सगळी वाचनं घेतली. लिंका बंद केल्या, पुन्हा चार टिका. मग रिलेकडून खरा हुकूम देऊन ब्रेकर उडवून पाहिला. बाहेर यार्डात धाड झालं, कावळे उडाले. टिक. सगळं यादीप्रमाणे.

कागद आवरताना एक वाचन डोळ्यात खुपलं. हवं त्यापेक्षा किंचित कमी होतं. दुसरा कोणी असता तर सोडून दिलं असतं, मला ते जमत नाही. मी ब्रेकरच्या हुकमाची, म्हणजे ट्रिपची, लिंक पुन्हा उघडली, वाचन पुन्हा घेतलं. बरोबर आलं. आणि नेमका फोन वाजला. कुठली लाईन कधी बंद-चालू करायची ते ठरवणाऱ्या लोड डिस्पॅचचा माणूस विचारत होता, "मॅडम, अजून किती वेळ? वरून विचारणा आहे."

"दहा मिनिटं," मी म्हटलं. यादीवर नजर फिरवली. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस टिका. पॅनेलचं मागचं दार लावलं, कुलूप घातलं, किल्ली माझ्या जुडग्यात अडकवली. प्रत्येक किल्लीला चिठ्ठी असते माझ्याकडे. एक वाजायला पाच कमी असताना लाईन चालू झाली.

परतीच्या वाटेवर तासाभराने चहाला थांबलो. आमच्या भाड्याच्या जीपचा ड्रायव्हर बबन, गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस. त्याने दोन कटिंग सांगितले आणि मी करंज्यांचा डबा काढला. डब्याचं झाकण उघडू नये म्हणून मामांनी त्याला लाल लोकर गुंडाळली होती. चार वेढे आणि वर गाठ.

मी गाठ सोडली. एक वेढा काढला, दुसरा, तिसरा, चौथा. आणि हात तसाच राहिला.

मामांनी चार तुकडे बांधले असते. चार सोडले असते. मग ते वाचन. तिथे पाचवा तुकडा बांधला असता. तो कोणी सोडला?

यादीत पुन्हा उघडण्यासाठी ओळच नव्हती. माझी टिक खरी होती, ती मारली तेव्हा. नंतर लिंकचं खरं बदललं, टिक तशीच राहिली.

"मॅडम, करंजी गोड न्हाई का?" बबन म्हणाला. "तुमचं तोंड का असं झालंय?"

मी उपकेंद्रात फोन लावला. तिथले ऑपरेटर शिंदेभाऊ. मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "पॅनेलवर सगळं ठीक ना?"

"एकदम ठीक. ट्रिपचा हिरवा दिवा लागलाय मॅडम. हेल्दी."

तो दिवा लागणारच. तो ब्रेकरच्या बाजूचा अर्धा रस्ता बघतो. रिलेपासून लिंकपर्यंतचा अर्धा रस्ता त्याला दिसत नाही. हे मला माहीत होतं, शिंदेभाऊंना माहीत असायचं कारण नव्हतं. मागचं दार उघडून बघा म्हणावं, तर किल्ली माझ्या जुडग्यात, चिठ्ठीसकट.

"मी परत येतेय," मी म्हटलं. "एक वाचन राहिलंय."

हे खोटं होतं. किती सहज आलं तोंडात, याची मला आजही लाज वाटते. डोक्यात दुसरी यादी तयार झाली होती. पोचायचं, दार उघडायचं, दोन स्क्रू आवळायचे, दार लावायचं. पाच मिनिटं. कोणाला कळायचं कारण नाही. तासाभरात लाईनवर काही होणार नाही, वर्षातून दोनदाच तर होतं.

बबनने जीप वळवली. त्या रस्त्यावर त्या दुपारी जणू सगळ्या जिल्ह्याचा ऊस उतरला होता. ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर, मध्ये बैलगाड्या, बैलांच्या शिंगांना गोंडे, गाडीवर उसाच्या वाढ्यांच्या पेंढीवर झोपलेली माणसं. बबन हॉर्न वाजवायचा आणि उजवा हात बाहेर काढून थांब थांब करायचा.

"लई घाई हाय का मॅडम?"

"आहे."

"मग सांगायचं ना. एवढं काय इसरलं तिथं?"

मांडीवर उघडा डबा होता, बोटाला लोकर गुंडाळलेली. गुंडाळत होते, सोडत होते.

ती लाईन उपकेंद्रातून निघाल्यावर बरीच वाट रस्त्याला धरूनच चालते. डाव्या हाताला मनोरे दिसायला लागले. एक, दोन, तीन. मी तारांकडे बघत होते आणि आधी वास आला. करपलेल्या काकवीचा.

पुढच्या वळणावर रान दिसलं. ऊस नुकताच तुटलेला. पलीकडच्या कडेने पाचट पेटवलेलं, जाळ फार नव्हता पण धूर पिवळट, दाट, आणि वारा आमच्याकडे, म्हणजे तारांकडे. रानाच्या मधोमध मनोरा. आणि मनोऱ्याच्या दोन पायांना पातळ बांधून केलेली झोळी. हिरवं पातळ. झोळी हलत होती, म्हणजे आत मूल होतं. चार पावलांवर एक बाई खाली बसून मोळी बांधत होती.

तारेवर वीज धुरातून उतरली, तर ती त्या लोखंडातूनच जमिनीत जाणार. रिले ते पाहणार, तोड म्हणणार, आणि त्याचं म्हणणं उघड्या लिंकपाशी थांबणार. दूरच्या दुसऱ्या उपकेंद्रातला रिले उशिरा जागा होईल. तो उशीर कागदावर लहान असतो. झोळीत नसतो.

माझी पाच मिनिटांची यादी तिथेच संपली.

"बबन, थांब. जा, त्यांना लोखंडापासून लांब कर. आधी मूल."

तो उडी मारूनच गेला. मी फोन लावला.

"शिंदेभाऊ, लाईन हाताने तोडा. आत्ता. स्विच फिरवा."

"मॅडम? आत्ता तर चालू केली. परवानगी कोणाची घेऊ?"

"नंतर घ्या. रिलेची ट्रिप लिंक उघडी आहे. माझ्याकडून राहिली. बिघाड आला तर ब्रेकर उडणार नाही आणि इथे तारेखाली पाचट पेटलंय. मनोऱ्याला मूल बांधलंय. माझं नाव लिहा रजिस्टरला आणि तोडा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज, चपलांचा आवाज, आणि फोनमधून, लांबून, यार्डातला तो धाड.

"तुटली," शिंदेभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "लिंकचं काय म्हणालात मॅडम? कसं लिहू?"

"जसं सांगितलं तसंच."

रानात बबन ओरडत होता. "ओ ताई, उठा! ल्योक काढा आधी! तारंखालून हिकडं या!"

बाईने मूल काढलं, पण भांडतच. "आमी न्हाई पेटावलं, मालकानं पेटावलं. रोज बांधतो की झोळी. झाड हाय का हितं कुठं? तुमीच दावा झाड."

खरंच नव्हतं. सगळं रान उघडं. जीपपाशी आली तेव्हा तिने मागे वळून पाहिलं. धूर सरळ तारांमध्ये शिरत होता, तारा दिसेनाशा झाल्या होत्या. आम्ही चौघं मान वर करून बघत राहिलो. काही झालं नाही. होणारच नव्हतं, लाईन मेलेली होती. चालू असती तर झालं असतं का, हे मला आजही माहीत नाही.

मूल जागं झालं होतं. मी त्याच्या आईच्या हातात करंज्यांचा डबा दिला. दुसरं काही सुचलं नाही.

"ह्यो कशापायी?" ती म्हणाली.

"नाताळ आहे," मी म्हटलं.

तिथून उपकेंद्र बबनच्या मीटरवर बारा किलोमीटर भरलं. दार उघडलं. लिंक उघडी होती. इतकी साधी दिसत होती, की जणू तिला कोणी कधी काही विचारलंच नव्हतं. दोन स्क्रू आवळले. रिलेकडून ब्रेकर उडवून पाहिला. बाहेर धाड झालं, कावळे उडाले. लाईन परत चालू व्हायला तास गेला आणि त्या तासात तिसेक गावांच्या गिरण्या, पंप, टीव्ही बंद होते, हे मला दहा जणांनी वेगवेगळ्या स्वरात सांगितलं. पुढे ज्ञापन आलं, खुलासा मागितला. मी दोन पानी खुलासा लिहिला, मग तो फाडून पाच ओळींचा लिहिला. शेरा माझ्या सेवापुस्तकात आहे. तो चुकीचा नाही.

नाताळ आटोपून मामा कामावर आले. कार्यालयात सगळ्यांना कळलं होतं, त्यांना तर चर्चमध्येच कळलं असणार. माझ्या टेबलापाशी उभे राहिले.

"करंज्या कशा झाल्या ताई?"

"एकच खाल्ली."

"हां. आन् डब्याची लोकर? टाकली तर नाही ना?"

मी ड्रॉवरमधून काढून दिली. त्यांनी ती सरळ केली, खिशातली छोटी कात्री काढून सारखे पाच तुकडे केले आणि माझ्या पेनच्या टोपणाला बांधले. जाताना एवढंच म्हणाले, "डबा मात्र आणून द्या. बायको विचारते."

डबा मी नवा घेऊन दिला. जुना उसाच्या फडात गेला, हे त्यांना सांगितलं तेव्हा बराच वेळ हसले.

दहा-बारा दिवसांनी ती लाईन खरंच तुटली. भर दुपारी. शिंदेभाऊंचा फोन आला, "मॅडम, उडाली. रिलेनं उडवली." त्यांच्या बोलण्यात त्या 'रिलेनं'वर असा जोर होता, की मी त्यांना ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. रिले आपल्या कामाचा कागद मागे ठेवतो : काय झालं, किती वेळात तोडलं, आणि बिघाड किती अंतरावर. कागदावर अंतर होतं बारा किलोमीटरला थोडं कमी. तो मनोरा, की त्याच्या अलीकडचा, की पलीकडचा, इतकं बारीक तो सांगत नाही. मी लाईनमनला पाठवलं. जळालेलं रान, इन्सुलेटरवर काळा डाग, माणूसबिणूस कोणी नाही. ऊसतोडीची टोळी आठवडाभर आधीच दुसऱ्या फडावर गेली होती.

त्या रात्रीचं जेवण मला आठवतं, कारण आईने विचारलं होतं, आज यादी नाही का लिहायची उद्याची? मी लिहिली होती. फक्त एकच ओळ होती तिच्यात : लोकर, लाल.

याद्या मी सोडलेल्या नाहीत. अठ्ठावीस ओळी आता एकतीस झाल्यात. पण यादी झालेलं सांगते, आणि होऊन गेलेलं परत उलटू शकतं, हे तिला कळत नाही. लोकर एकच गोष्ट सांगते, ती म्हणजे या क्षणी काय उघडं आहे.

काल त्याच उपकेंद्रात काम होतं. बबनच होता गाडीला. आता त्याचे केस पांढरे झालेत, बोलणं तेवढंच. वळणावर त्याने न सांगता गाडी हळू केली. रानात यंदाही ऊस तुटत होता, वेगळी टोळी, आणि मनोऱ्याच्या पायाला पुन्हा एक झोळी, यंदा लाल ठिपक्यांची. आम्ही दोघंही उतरलो. मागच्या वर्षापासून जीपमध्ये चार बांबू आणि सुतळी असते. पहिल्यांदा नेले तेव्हा बबन म्हणाला होता, आता आपन मंडपवाले झालो काय? रानाच्या टोकाला, तारेपासून लांब, बांबू रोवून झोळी बांधून दिली. मुलाच्या आजीने तोंडभरून शिव्या दिल्या आणि नंतर उसाचं कांडं दिलं.

उपकेंद्रात पाच लिंका उघडल्या, पाच तुकडे बांधले. एक वाचन शंकेचं वाटलं, पुन्हा घेतलं. लिंका बंद केल्या, तुकडे सोडून मोजले आणि मगच दाराला कुलूप घातलं. मधे लोड डिस्पॅचचा फोन आला, अजून किती वेळ. मी म्हटलं, मोजून सांगते.

परतताना त्याच टपरीवर चहाला थांबलो. मी पेनचं टोपण काढून टेबलावर ठेवलं आणि पुन्हा एकदा एकेक तुकडा वेगळा केला. नवी लोकर जरा भडक आहे, मामांच्या लोकरीसारखी विटलेली नाही. नेले होते सहा, एखादी लिंक पुन्हा उघडावी लागली तर म्हणून एक जास्तीचा.

"मोजा, मोजा," बबन म्हणाला. "चहा गार झाला तरी चालंल."

सहाच्या सहा होते.